बाटलीला नाव नव्हतं

कुत्र्याच्या डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न कन्नडमध्ये विचारला. "एन कुडदैतरी?" काय प्यालंय? मी म्हटलं, फिनेल. ते क्षणभर थांबले आणि मराठीवर आले. "कुठलं फिनेल? काळं की पांढरं? बाटलीवर काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा बघू."

बाटलीवर लिहिलेलं होतं. मला वाचताही येत होतं. पण ते संत्र्याच्या एका थंड पेयाचं नाव होतं.

जुलैचा महिना होता. बेळगावचा पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, तो पडत नाही, मुक्कामाला येतो. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, भिंतींना ओल येते आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पायाबरोबर चिखल घरात शिरतो. अशा दिवसांत फिनेलचा खप वाढतो. आमच्याकडं ते दुकानातून येत नाही. स्कूटरला दोन्ही बाजूंनी निळे क्यान बांधलेला एकजण पंधरा दिवसांनी गल्लीत येतो आणि "फिनेऽल, अ‍ॅसिऽड, भांड्याचं लिक्विऽड" अशी आरोळी ठोकतो. बायका रिकाम्या बाटल्या घेऊन बाहेर येतात, तो नरसाळं लावून भरून देतो. दुकानापेक्षा स्वस्त पडतं, शिवाय रिकाम्या बाटल्याही सार्थकी लागतात, असा आईचा दुहेरी हिशेब. न्हाणीत बंबाच्या मागं अशा तीन बाटल्या कायम उभ्या असायच्या. कुठलीत काय आहे हे झाकणावरून ओळखायचं. केशरी झाकणाचं फिनेल, निळ्याचं अ‍ॅसिड, पांढऱ्याचं भांडी घासायचं. ही लिपी घरात एकट्या आईला वाचता येत होती.

आणि आमचा कुत्रा कुंदा तर सात महिन्यांचाच होता. खवा आटत आटत कुंदा नावाच्या आमच्याकडच्या मिठाईला शेवटी जो तपकिरी रंग चढतो, नेमक्या त्या रंगाचा, म्हणून हे नाव. गल्लीत त्याच नावाच्या एक आजी आहेत, त्या महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. त्याची आई मुधोळ जातीची होती, असं आणून देणाऱ्यानं सांगितलं होतं. मुधोळ आम्हाला लांबचं नाही, गोकाकच्या पलीकडं, बागलकोट जिल्ह्यात. घोरपड्यांच्या संस्थानानं जोपासलेली ही शिकारी जात २००५ मध्ये पोस्टाच्या तिकिटावर गेली. आमच्या कुंद्यात त्यातले लांब पाय तेवढे उतरलेत. बाप बहुतेक आमच्या वडगावातलंच गल्लीतलं कुत्रं असावं. चपला, झाडूचा दांडा, बाबांच्या छत्रीची मूठ, दाताखाली येईल ते चावायचं हा त्याचा त्या दिवसांतला उद्योग. त्या दुपारी बाटली चावली. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात आम्हाला काही ऐकूच आलं नाही.

तो स्वयंपाकघरात आला तेव्हा तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. पुढचा पाय तोंडावर पुन्हा पुन्हा घासत होता, जीभ बाहेर काढत होता, आत घेत होता. त्याच्या मागं फरशीवर पांढरे ठसे. फिनेलचं एक आहे, पाण्यात पडलं की ते दुधासारखं होतं. न्हाणीच्या ओल्या फरशीवर सगळा दुधाचा सडा पडला होता आणि चावलेलं केशरी झाकण मोरीच्या तोंडाशी. एवढंच असतं तर निदान काय ते नक्की होतं. पण शेजारची निळ्या झाकणाची बाटलीही आडवी झाली होती, तिचं झाकण सैल होतं आणि तीही जवळजवळ रिकामी.

पुढच्या पाच मिनिटांत आमच्या घरात जेवढं वैद्यक गोळा झालं तेवढं कुठल्या कॉलेजात नसेल. आई म्हणाली, "मी तवाच सांगितलो होतो, त्या बाटल्या वर फळीवर ठेवा म्हणून." (आमच्याकडच्या बायका 'मी सांगितलो', 'मी आलो' असंच बोलतात. पुण्याच्या पाहुण्या हसतात, हसू देत. बाटल्या खाली कोण ठेवतं हा प्रश्न मात्र मी तेव्हा विचारला नाही.) शेजारच्या अक्का मिठाचं पाणी ढवळतच आल्या, वांती झाली की सगळं बाहेर पडतंय म्हणाल्या. माडीवरच्या भाडेकरू वहिनींनी ताकाचं भांडं आणलं. कुणीतरी तूप पाजा म्हणालं, कुणी चुलीतला कोळसा कुटून द्या म्हणालं. बाबांचं रसायनशास्त्र दहावीपर्यंतचं, पण पक्कं. अ‍ॅसिड असेल तर खायचा सोडा द्यायचा, म्हणजे दोन्ही एकमेकांना मारतात. मी या सगळ्यांपेक्षा शहाणी, कारण माझ्या हातात मोबाइल होता. परदेशातल्या कुठल्याशा पानावर मला सापडलं होतं की तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पाजून कुत्र्याला उलटी करवतात. बाबांच्या पायाच्या जखमेसाठी आणलेली पेरॉक्साइडची बाटली कपाटात होतीच. ती मी काढून झाकण उघडलं होतं, तेवढ्यात डॉक्टरांचा उलट फोन आला.

"काहीही पाजू नका. काहीही म्हणजे काहीही. वांती तर अजिबात नको."

हे वाक्य ऐकताना माझ्या एका हातात पेरॉक्साइड होतं आणि अक्कांच्या हातात मिठाचा तांब्या. त्या दोन भांड्यांकडं बघून मला नंतर कितीदा घाम फुटलाय.

विष पोटात गेलं की ते बाहेर काढायचं, ही आपली समजूत कुठून आली कोण जाणे. काही विषांना ती लागू आहे, तीही डॉक्टरांच्या हातानं आणि पहिल्या तास-दोन तासांत. पण जे जाळतं ते जाताना एकदा जाळतं आणि उलटीबरोबर परत येताना तीच अन्ननलिका, तोच घसा पुन्हा जाळतं. संडास धुवायचं अ‍ॅसिड, तुंबलेली मोरी मोकळी करायची कॉस्टिकची पूड, तीव्र ब्लीच, ही त्यातली. रॉकेल, टर्पेंटाइन आणि फिनेल यांची भीती वेगळी. त्यांतलं तेल किंवा फेस उलटी होताना श्वासनलिकेत उतरला की फुप्फुसाला सूज येते, आणि जे पोटात निभावलं असतं ते छातीत निभावत नाही. मिठाच्या पाण्यानं तर निराळंच विष चढतं. रक्तातलं सोडियम एकदम वाढतं, झटके येतात, मेंदूला सूज येते. कुत्रं लहान असेल तर अक्कांच्या एका तांब्याची मजल बरीच लांब जाते. बाबांचा सोडा वहीत बरोबर आहे, पण अ‍ॅसिडला भिडताना गॅस फुगतो, आणि ते सगळं भाजलेल्या पोटात घडतं. चुलीतला कोळसा म्हणजे दवाखान्यातला सक्रिय कोळसा नव्हे, आणि तो खरा कोळसासुद्धा अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक धरून ठेवत नाही.

माझी पाळी सगळ्यांत लाजिरवाणी. मी जे वाचलं होतं ते तीन टक्क्यांचं. आपल्याकडं औषधाच्या दुकानात मिळतं त्यावर '२० व्हॉल्यूम' छापलेलं असतं, म्हणजे साधारण सहा टक्के. दुप्पट. पोटाच्या अस्तराला फोड आणायला पुरेसं. त्या बाटलीवर निदान आकडा छापलेला होता, पण मी तो वाचला नाही.

डॉक्टरांनी फोनवर करायला सांगितलं ते अगदी साधं होतं. हातमोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधा. तोंड खाली करून बाजूनं हलकं पाणी सोडा, घशाकडं धार मारू नका. पाय, छाती, जिथं जिथं लागलंय तिथं भरपूर पाण्यानं धुवा, नाहीतर तो चाटत बसेल आणि अजून पोटात जाईल. स्वतःहून दोन घोट पाणी प्याला तर पिऊ दे, कोंबू नका. किती वाजता झालं, वजन किती, बाटलीत आधी किती होतं ते आठवा. "आणि बाटल्या घेऊन या. दोन्ही. झाकणासकट."

चौदा किलोचं कुत्रं मांडीवर, बाटल्या कॅरीबॅगेत, बाहेर पाऊस. रिक्षावाल्यानं कुत्रं म्हटल्यावर आधी नाही म्हटलं, मग कुंद्याचं तोंड बघितलं आणि मीटर न टाकताच निघाला. दुसऱ्या रेल्वे गेटाशी फाटक पडलेलं. एक मालगाडी सावकाश, डबा डबा मोजायला लावत गेली. बेळगावकर आयुष्यातला बराच काळ असल्या फाटकांशी घालवतो आणि कधी कुरकुरत नाही. त्या दिवशी मी रिक्षावाल्यासमोर रडले.

दवाखान्यात डॉक्टरांनी कुंद्याच्या आधी बाटली घेतली. नाक लांब ठेवून हातानं वास ओढून घेतला. पेल्यात पाणी घेऊन त्यात केशरी झाकणातले चार थेंब टाकले, पाणी पांढरं झालं. निळ्या बाटलीतले थेंब टाकले, काही झालं नाही. मग हिरड्या बघितल्या, जीभ बघितली. कडा लाल झाल्या होत्या, एका बाजूला पातळ पांढरट साय. "अ‍ॅसिड गेलं असतं तर एवढ्यावर राहिलं नसतं. पांढरं फिनेल दिसतंय. पाइनचं तेल आणि साबणासारखं काहीतरी. पण यात अजून काय काय घालतात ते भरणाऱ्यालाच माहीत." मग सुई, सलाइन, उलटी होऊ नये म्हणून एक इंजेक्शन आणि दर अर्ध्या तासानं छातीला स्टेथोस्कोप. आपण कुत्र्याला उलटी करवायला निघालो होतो आणि डॉक्टर ती थांबवायचं इंजेक्शन देतायत, हे मी बाकावर बसून नुसती बघत होते. काळं फिनेल असतं तर गोष्ट याहून वाईट, असंही ते म्हणाले. ते डांबरातून निघणाऱ्या फिनॉलच्या कुळातलं, कातडीतूनही अंगात भिनतं. मांजरांचं यकृत तर फिनॉल पचवायला फारच कच्चं. मांजर असलेल्या घरात काळं फिनेल नकोच.

संध्याकाळपर्यंत बसायचं होतं. गर्दी कमी झाली तसे डॉक्टर बोलायला लागले. उद्यमबागच्या औद्योगिक भागातून त्यांच्याकडं गॅरेजमधली कुत्री येतात. गाडीचं कूलंट चवीला गोड असतं, सांडलेलं चाटतात, थोडी झिंगल्यासारखी चालतात, मग बरी वाटतात. मालक म्हणतो उतरलं. आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड बंद पडतं. त्यावर जुना उतारा दारूचा, शिरेतून, मोजून. यकृतातलं जे विकर (एन्झाइम) कूलंटचं विष बनवतं तेच दारूच्या मागं लागतं आणि कूलंट तसंच लघवीवाटे निघून जातं. हे ऐकून शेजारी म्हशीच्या औषधाला आलेले एक काका खुलले. गोव्याची चालेल का, म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत. "घरी देऊन मारलेली पण बघितलीय मी."

मग त्यांनी विचारलं, याआधी कुत्रं होतं का घरी? मी म्हटलं, आजोळी होतं. आणि त्या बाकावर मला वाघ्या आठवला, तीस वर्षांनी.

आजोळ निपाणीच्या बाजूला, तंबाखूच्या पट्ट्यात. आजोबांच्या माळ्यावर धान्याच्या कणगीशेजारी उंदराचं औषध ठेवलेलं असायचं. पिठात गूळ-तेल घालून काळसर पूड मळायची, गोळ्या करायच्या. एका रात्री उंदरांच्या आधी वाघ्यानं त्या खाल्ल्या. आजोबा शांत माणूस. "औषध खाल्लंय त्यानं," एवढंच म्हणाले आणि दूध तापवायला सांगितलं. धारेचं घरचं दूध, त्यात तूप, वर कुस्करलेली भाकरी. वाघ्या पीत नव्हता तर आजोबांनी जबडा उघडून पाजलं. त्याच्या तोंडाला लसणासारखा वास येत होता, तो मला आजही येतो. पहाटे गोठ्याच्या भिंतीशी तो गेला. आजोबा दिवसभर जेवले नाहीत. "दूध लागू पडलं नाही," म्हणाले.

हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ती पूड झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी तिची गाठ पडली की फॉस्फीन वायू सुटतो, मारतो तो वायू. आणि पोटात अन्न पडलं की आम्ल वाढतं. "म्हणून त्यात खायला काही द्यायचं नाही. भाकरी नको, दूध नको. आम्ही आधी आम्ल कमी करायचं औषध देतो, मग वांती करवतो, तीसुद्धा उघड्यावर. तो वास आपल्यालाही बाधतो."

पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. आईला तर अजून सांगितलेलं नाही. ते तिचे वडील होते.

पण त्या रात्रीपासून 'औषध' हा शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. आपण उंदराला औषध घालतो, ऊसाला औषध मारतो, आणि आमच्या खेड्यात कुणाच्या पोरानं औषध घेतलं म्हटलं की बायका पदर तोंडाला लावतात. तापाची गोळीही औषधच. आमच्या भागातले कन्नड शेतकरी फवारणीच्या विषाला एण्णी म्हणतात, म्हणजे तेल. तिकडंही तीच तऱ्हा. आणि गंमत अशी की शब्द अगदीच खोटा नाही. फिनेलचं मूळ जे कार्बोलिक अ‍ॅसिड, ते १८६५ मध्ये जोसेफ लिस्टरनं ग्लासगोत रोग्यांच्या जखमांवर वापरलं आणि शस्त्रक्रियेनंतर सडून मरणारी माणसं वाचायला लागली. तेव्हा ते औषधच होतं. आता न्हाणीत, बंबाच्या मागं, सरबताच्या बाटलीत.

नावांचं आमच्या गावाला वेड आहे. १९५६ पासून आमचं भांडणच नावांचं आणि भाषेचं. १ नोव्हेंबरला अर्धं गाव राज्योत्सव करतं आणि अर्धं काळा दिवस पाळतं. त्याच तारखेला २०१४ मध्ये बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला द्यायची असा कायदा आहे, आणि पाटीवरल्या एकेका अक्षरावरून इथं दगड उचलले गेलेत. मी त्यातली कुठली बाजू घेते ते घरी सगळ्यांना ठाऊक आहे, इथं त्याचं काम नाही. पण त्या बाकावर बसून मला वाटलं, बेळगाव म्हणा नाहीतर बेळगावी, रिक्षा दवाखान्यात पोचतेच. ज्या नावावाचून डॉक्टरचा हात अडला ते नाव लिहायचं मात्र आमच्यातल्या कुणालाच सुचलं नाही.

रात्री नऊला कुंद्याला घरी सोडलं. बारा तासांपर्यंत तोंडात नवे फोड येऊ शकतात, श्वास जोरात चालला किंवा खोकला आला तर रात्री कितीही वाजता फोन करा, अशी ताकीद होती. मी गजर लावून दर दोन तासांनी टॉर्चनं त्याची जीभ बघितली. तिसऱ्या वेळी त्यानं डोळे न उघडताच तोंड उघडून दिलं. जिभेच्या कडेला दोन फोड आले, खोकला आला नाही. चार दिवस गार दही-भात, मऊ, मिक्सरमधून काढलेला. ताकवाल्या वहिनींचा मान तेवढ्यानं राहिला.

खेड्यात असं झालं तर काय करायचं हा विचार नंतर आला. खानापूरच्या जंगलभागात, चंदगडच्या हद्दीवरल्या वाड्यांत कुत्र्यांचा डॉक्टर कुठून आणायचा? १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय गाडीचा क्रमांक आहे. गाडी मुख्यतः गाई-म्हशींसाठी, पण पलीकडं बोलणाऱ्याला जनावरांचं कळतं, हेही काही कमी नाही. तालुक्याच्या सरकारी पशुदवाखान्यातला नंबर आधीच लिहून ठेवलेला बरा. त्या धावपळीत नंबर शोधताना बोटं चालत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पांढरी चिकटपट्टी आणि मार्कर घेऊन बसले. आईसाठी मराठीत लिहिलं. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना कन्नड येतं, मराठी वाचता येत नाही, म्हणून त्यांच्याकडूनच कन्नडमध्ये लिहून घेतलं. 'विष' हा शब्द लिहिताना त्या म्हणाल्या, हे तर दोघांचं एकच की. फक्त अक्षरं निराळी. बाबांनी मधे येऊन कुठली भाषा वर लिहायची यावरून वाद घालायचा प्रयत्न केला, आईनं त्यांना चहाला हाकललं. मग बाटल्या फळीवर गेल्या, डांबरगोळ्या डब्यात गेल्या, उंदराची वडी तर आईनं कुणालाही न विचारता पुरून टाकली.

पंधरा दिवसांनी आरोळी आली. कुंदा आवाज ऐकल्याबरोबर पलंगाखाली गेला. आई बाटल्या घेऊन निघाली, मी मागोमाग मार्कर घेऊन. स्कूटरवाल्यानं पट्ट्या लावलेल्या बाटल्या उलटसुलट करून बघितल्या, त्याला मजा वाटली.

"यात काय काय असतं हो?" मी विचारलं.

"फिनेलच की, अक्का."

"ते झालं. फिनेलात काय?"

त्यानं नरसाळं बाटलीत घातलं, क्यानची तोटी फिरवली आणि जरा विचार केला. "क्यान येतोय, मी भरून देतोय. क्यानवर कायतरी होतं लिहिलेलं, खरं पावसात गेलं ते."

आई पैसे मोजत होती. मी क्यानला वळसा घालून बघितलं. निळ्या प्लास्टिकवर कागदाचा एक चौकोन उरला होता, कोपऱ्यात एक लाल रेघ, बाकी सगळं धुऊन गेलेलं. बाटली काठोकाठ भरली. मी तिच्यावर मार्करनं तारीख लिहिली, खाली 'बहुतेक पांढरं फिनेल' असं लिहिलं, आणि 'बहुतेक'खाली दोन रेघा ओढल्या.